दोन काठांचा समुद्र

माझं माहेर कंधार. कंधारला किल्ला आहे, किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे आणि गावाजवळ कुण्या जुन्या राजानं बांधलेला एक मोठा तलाव आहे. त्या तलावाचं नाव जगत्तुंग समुद्र. आम्ही पोरं नुसतं समुद्र म्हणायचो. आई कुठंय? समुद्रावर धुणं धुवायला गेली. म्हशी कुठंत? समुद्रात. वडिलांचा त्या पाण्यावर एवढा जीव, की मी झाले तेव्हा त्यांनी माझं नाव सिंधु ठेवलं. वाळलेला भोपळा कमरेला बांधून मला पोहायलाही त्यांनीच शिकवलं. त्यामुळं समुद्र म्हणजे ज्याच्या पलीकडच्या काठावरची झाडं दिसतात आणि संध्याकाळी ज्याच्यातून म्हशी चकाकत वर येतात, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. भूगोलाच्या पुस्तकात अरबी समुद्र आला तेव्हा मला वाटलं, अरबांच्या गावचा तलाव असेल.

लग्न होऊन मी चाकूरला आले ती हिवाळ्यात. आल्या आल्या येळवस होती. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात. लातूरकडं त्या दिवशी घरात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची कोप करायची, म्हणजे छोटी खोपच. तिच्यात पाच दगड चुना लावून मांडायचे, ते पांडव. ज्वारीचं आंबील, ओल्या शेंगा आणि पालेभाज्यांची आंबट भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोल उंडे, शेंगाच्या पोळ्या. घरातल्या मोठ्या माणसानं आंबिलाचा तांब्या घेऊन शेताच्या कडेनं फिरत शिंपडायचं आणि ओरडायचं, "ओलगे ओलगे!" मागच्यांनी म्हणायचं, "सालम पलगे!" याचा अर्थ मी पुष्कळ जणांना विचारला. प्रत्येकानं वेगळा सांगितला. मग रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. येळवशीला एकट्यानं जेवत नाहीत.

तर त्या पहिल्या येळवशीला बायकांत बसून मी सहज म्हणाले, "आमच्याकडं समुद्रावर फार गार वारं सुटतं."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आमचे हे, अण्णाराव, जवळच उंडा खात बसले होते. तेव्हा नुकतेच लातूरच्या शाळेत गणिताचे मास्तर म्हणून लागलेले. म्हणाले, "कंधारला समुद्र? समुद्राला पलीकडचा काठ नसतो. समुद्राचं पाणी खारट असतं. आणि समुद्रात म्हशी बसत नाहीत. सबब, तो तलाव आहे."

भूमितीची सिद्धता सांगावी तसं सांगितलं. बायका पोट धरधरून हसल्या. तेव्हापासून चाकूरला माझं नाव 'समुद्राकाठची सून' पडलं ते पडलंच. मला नातवंडं झाली तरी कुणी पाहुणा आला की हे सुरू करायचे, "आमच्या सासुरवाडीला समुद्र आहे, बरं का. म्हशींसकट." मीही हसायची. पण आत कुठंतरी वाटायचं, एकदा तरी यांना उत्तर द्यायला मिळावं.

ते मिळालं नांदेडला. आमची लेक उज्वला तिथं कॉलेजात शिकवते. तिच्या घरी गेले होते, ती फोनवर चित्रं दाखवत होती. एका चित्रात उंच डोंगर, डोंगरांच्या मधे शांत पाणी, दोन्ही काठ हाकेच्या अंतरावर.

"किती सुरेख तळं गं," मी म्हणाले.

"आई, तळं नाही ते. समुद्र आहे. डोंगरांमधून आत शिरलेला. न्यूझीलंडमधलं मिलफर्ड साउंड."

"समुद्र? पुन्हा बघ बरं."

"समुद्रच आहे. त्यात काय बघायचं?"

काय बघायचं ते मी तिच्या कानात सांगितलं. आधी ती सोफ्यावर लोळून हसली आणि मग कामाला लागली. तिनंच बेत आखला. ऑस्ट्रेलियाचा किनारा, मग न्यूझीलंड, आणि अगदी शेवटी मिलफर्ड. तिकडं डिसेंबरात उन्हाळा असतो म्हणून जायचं डिसेंबरात. यांना मी एवढंच म्हणाले, "मला खरा समुद्र बघायचाय. शहरं, डोंगर, सगळं."

हे निवृत्त झालेले, तब्येत ठणठणीत. म्हणाले, "जाऊ की. पण येळवशीच्या आत परत यायचं. जन्मापासून एक येळवस चुकवली नाही मी." भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, चष्मा लावला, पानं उलटली. "अकरा जानेवारी. आठला परत येऊ. उज्वलाला सांग."

नोव्हेंबर संपता संपता आम्ही लातूरहून हैदराबादला गेलो आणि तिथून उडालो.

सिडनीला पहिला समुद्र पाहिला. निळं, नुसतं निळं. मी डोळ्यांवर हात धरून सवयीनं पलीकडचा काठ शोधायला लागले. मागून आवाज आला, "सापडला का?" मनात म्हटलं, थांबा थोडं. तिथं आम्ही रोज बोटीत बसायचो, कामावर जाणाऱ्या माणसांबरोबर. यांना ती बोट फार आवडली. "आपल्या लातूर-चाकूर बससारखीच आहे, फक्त हिला खड्डे लागत नाहीत."

मेलबर्नहून किनाऱ्याकिनाऱ्यानं एका बसनं गेलो. समुद्रात कड्यांसारखे सुळके उभे होते. त्यांना येशूच्या बारा शिष्यांचं नाव आहे. हे कठड्याला टेकून मोजत राहिले. "बारा भरत नाहीत."

"काही पडले असतील."

"मग नाव बदलावं. हजेरी चुकीची लागते."

ऑकलंडच्या विमानतळावर मात्र माझा जीव टांगणीला. तिथं खाण्यापिण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी असते. यांना भाकरी लागते म्हणून मी ज्वारीचं पीठ घेतलेलं, शिवाय शेंगाची चटणी, कारळाची चटणी आणि येसर, म्हणजे भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ. त्या अधिकारी बाईंसमोर हे वर्गात उभे राहावं तसे ताठ उभे राहिले आणि इंग्रजीत सांगू लागले, "ही चटणी. हीसुद्धा चटणी. हे चटणी नाही, पण चटणीसारखं आहे." बाईंनी सगळं उघडून पाहिलं, वास घेतला, दोनदा शिंकल्या आणि हसून जा म्हणाल्या.

रोटोरुआला जमिनीतून वाफा निघत होत्या, चिखल रटरटत होता. हे वाकून बघत म्हणाले, "पिठलं झालंय. कुणीतरी खाली उतरवा." जमिनीतून उकळत्या पाण्याचा फवारा माणसाच्या कितीतरी वर गेला तेव्हा मात्र आम्ही दोघंही लहान पोरांसारखे ओरडलो. मी यांचा हात धरला होता. चाकूरला चारचौघांत कधी धरला नव्हता. तिथं कोण बघतंय?

असं सगळं छान चाललेलं. वेलिंग्टन हे वाऱ्याचं गाव. बंदरावरच्या खोलीत पदर सावरत मी चहा करत होते आणि फोन वाजला. चाकूरहून गुरम्मा. ही माझी धाकटी जाऊ, दीर उमाशंकर यांची बायको. शेत तीच दोघं बघतात.

"अक्का, शेंगाच्या पोळ्या यंदा कमीच करते बघा. तुमी दोघं न्हाईत. सोमवारी येळवस हाय."

"सोमवारी? अगं, येळवस जानेवारीत आहे. आम्ही येतोय की तोवर."

"जानेवारीतली झाली की मागं! तुमीच उंडे वळले न्हाईत का? औंदा एकाच सालात दोनदा आलीय. एक जानेवारीत, एक आता डिसेंबराच्या शेवटाला. कॅलेंडर कुणी बघितलं तुमच्यात?"

मी कॅलेंडर बघणाऱ्याकडं बघितलं. गुरम्माचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला होता. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली. पुढच्या जानेवारीची तारीख शोधायला मास्तरांनी याच सालच्या कॅलेंडरातलं जानेवारीचं पान उलटलं होतं, आणि झालेली येळवस होणारी म्हणून धरली होती.

"जन्मभर पोरांना गणित शिकवलं," मी म्हणाले.

"हे गणित नाही, पंचांग आहे," हे म्हणाले. पण आवाज उतरला होता.

थोड्या वेळानं ते उठले आणि उज्वलाला फोन लावला. "मला परत यायचंय. सोमवारच्या आत. बघ तिकीट." उज्वलानं बघितलं. तिकीट होतं. धावपळ केली तर रविवारी चाकूरला पोचता येत होतं.

मिलफर्ड अगदी शेवटी होतं, नव्या सालात. आता परतलो तर ते राहणार. आणि आमच्या वयात 'पुढच्या खेपेला' म्हणायला जीभ वळत नाही. सांगून टाकावं का यांना, की तिथं काय आहे? पण सांगितलं असतं तर त्यात काय मजा? आणि आपल्या एका हट्टासाठी यांची येळवस मोडायची, हेही मनाला पटेना. सासरे गेल्यापासून शेतात पहिली हाक यांचीच. ओलगे म्हणताना हे बापासारखेच दिसतात, असं गावातली जुनी माणसं सांगतात.

मी म्हणाले, "तुम्ही जा. मी पुढं जाते."

"एकटी?"

"एकटी."

"इंग्रजी?"

"मला बोलायचं कुठंय? बघायचंय."

"सिंधु, वेड लागलंय का? तुला लातूरच्या बसस्टँडवर फलाट सापडत नाही."

"मग तिथं तुम्ही कुठं असता मदतीला? पेपर वाचत बसता की."

एवढ्यात परत गुरम्माचा फोन. उज्वलानं तिला कळवलेलं. हिनं तो स्पीकरवर ठेवायला लावला. "भावजी, तुमी उगं विमानं बदलत येऊ नगा. ह्यांचा आवाज बसलाय खोकल्यानं, तर मी म्हणते यंदा ओलगे. तांब्या बी मीच घेते. त्यात काय एवढं? अक्काला फिरवा तुमी निवांत."

हे "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग खिडकीशी जाऊन बंदराकडं बघत उभे राहिले. मला वाटलं सुटले एकदाचे. तर वळून म्हणाले, "म्हणजे माझ्यावाचून काही अडत नाही."

खरं दुखणं ते होतं. येळवस चुकेल याचं नाही, येळवस आपल्याशिवाय पार पडेल याचं. मला हसूही आलं आणि कसंसंच झालं.

"अडत नाही म्हणूनच तर फिरायला आलो," मी म्हणाले. "तिथं गुरम्मा म्हणेल. इथं तुमचं तोंड कुणी बांधलंय?"

"इथं शेत कुठंय?"

मी चहा गाळला. दोघांनी तो गारच प्यायला. मग हे कपाटाकडं गेले, पिशवी उचलून हातानं तोलली आणि म्हणाले, "ज्वारीचं पीठ किती उरलंय?"

तेव्हा मी ओळखलं, मिलफर्ड होणार.

सोमवारी आम्ही मोएराकीला होतो. तिथल्या वाळूवर मोठमोठे गोल दगड पडलेले आहेत. गोल म्हणजे अगदी गोल, कुणी हातानं वळल्यासारखे. काही माझ्या छातीएवढे उंच. काही फुटून आतून भाजलेल्या पोळीसारखे दिसत होते. हे आदल्या दिवशीच बघून आले आणि दारातूनच म्हणाले, "सिंधु, बाहेर चल. कुणीतरी उंडे वळून ठेवलेत. आणि पांडवही तयार आहेत."

आमच्या खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं. आंबील मी आदल्या दिवशी दह्याच्या ताकात पीठ कालवून आंबवायला ठेवलेलं. दुकानात ओले वाटाणे मिळाले, घेवड्यासारख्या शेंगा, गाजर, पालक, कांद्याची पात. चुक्याची भाजी कुठून मिळणार? आंबटपणाला लिंबू पिळलं. चण्याच्या पिठाला जरा फिरावं लागलं, पण एका बंगाली माणसाच्या दुकानात तेही मिळालं. उंडे ज्वारीचेच केले. भज्जीला येसर लावलं तेव्हा शेजारच्या खोलीतल्या कुण्या बाईनं दारातून डोकावून नाक वर केलं. तिलाही मी हातानं खूण केली, संध्याकाळी या वाळूवर.

दिवस मावळायला तिकडं फार उशीर होतो, त्यामुळं संध्याकाळीही लख्ख ऊन होतं. त्याच वेळी चाकूरला दुपार होत आली असणार, लोक शेतात पोचले असणार. वाहून आलेल्या लाकडांची आम्ही एक वाकडीतिकडी कोप केली, वरून माझी शाल घातली. हे पाच दगड निवडायला लागले. त्यांना चुना लावायचा होता.

"दुसऱ्याच्या देशातल्या दगडांना रंग लावायचा नाही," मी दटावलं. "कुंकवाचं बोट लावा. लाटा धुऊन नेतील."

मग यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, स्टीलचा तांब्या घेतला आणि उभे राहिले. चारी बाजूला बघितलं. लोक होते लांब लांब. चाळीस पोरांच्या वर्गात दणदणीत आवाज असलेला हा माणूस तिथं लाजला. "ओलगे ओलगे," एवढं हळू म्हणाले की मलाही ऐकू येईना.

"शेजारच्या शेतातल्यांना कळायला पाहिजे," मी म्हणाले.

"ओलगे ओलगे!"

"सालम पलगे!" मी जोरात म्हणाले.

पाण्याच्या कडेकडेनं हे शिंपडत चालले, मागून मी साडी वर धरून. लाट यायची, आंबील उचलून न्यायची. हे वळून म्हणाले, "तुझा समुद्र माझं सगळं आंबील पितोय."

"पाहुणा आहे. पिऊ द्या."

आता माणसं थांबून बघायला लागली होती. जेवायला मात्र हाक मारावी लागते, आणि हाक मारायला यांना शब्द सुचेना. मीच पुढं झाले आणि साऱ्यांना दोन्ही हातांनी बोलावलं, "या, या, बसा!" मराठीतच. सगळ्यांना कळलं. शेजारच्या खोलीतली बाई आली, दोन जपानी मुली आल्या, आणि एक उंच म्हातारा आपल्या बायकोबरोबर आला. त्याची बोटं जाड, नखं भेगाळलेली. यांनी हात मिळवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "शेतकरी आहे." विचारलं तर खरंच शेतकरी. मेंढ्या आणि गवत. मग काय, दोघं पावसावर जे बसले ते बसलेच. तिकडं पाऊस मिलिमीटरमध्ये, आमच्याकडंही मिलिमीटरमध्ये. दोघांना फार आनंद झाला. त्यानं विचारलं, हे सगळं कशासाठी? हे म्हणाले, "वर्षभर जमीन आम्हाला वाढते. आज आम्ही तिला वाढतो." म्हाताऱ्यानं दुसरा उंडा मागून घेतला. त्याच्या बायकोला भज्जी तिखट लागली. डोळ्यांतून पाणी काढत ती म्हणाली की फार छान आहे, आणि पाण्याची बाटली संपवली.

दुसऱ्या दिवशी चाकूरहून व्हिडिओ आला. गुरम्मा तांब्या घेऊन बांधावरून झपाझप चाललेली, किरट्या आवाजात ओलगे म्हणतेय, मागं सगळी माणसं. यांनी तो परत परत बघितला. "सूर बरा आहे," म्हणाले. "चाल फार घाईची. गाडी पकडायचीय का हिला?" मग तोच व्हिडिओ शाळेतल्या सगळ्या जुन्या मास्तरांना पाठवला.

आणि मग मिलफर्ड.

डोंगरातल्या रस्त्यानं बस गेली, लांबलचक बोगद्यातून बाहेर पडली आणि थेट पाण्याशी उतरली. काळेभोर कडे सरळ वर गेलेले, कड्यांवरून धबधबे, खाली गुळगुळीत पाणी. आम्ही बोटीत वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. हे मान मागं टाकून बघत राहिले. मग म्हणाले, "सुंदर तळं आहे."

मी या वाक्याची वाट बघत होते. किती वर्षं, ते सांगत नाही.

"तळं नाही. समुद्र आहे."

"हा समुद्र? ह्या!"

"विचारा कुणालाही."

यांनी बोटीवरच्या माणसाला विचारलं. तो माणूस समुद्राच्या दिशेनं हात करून काय काय बोलला. हे परत येऊन बसले आणि या काठाकडं बघितलं, त्या काठाकडं बघितलं.

"काठ किती?" मी विचारलं.

"दोन." गणिताच्या माणसाला खोटं बोलवत नाही. "पण पाणी खारट असतं समुद्राचं. ते..."

तेवढ्यात बोटीच्या भोंग्यावरून एक मुलगी माहिती सांगायला लागली. हे कान देऊन ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"काय म्हणाली?"

"काही नाही. पाऊस फार पडतो म्हणाली इथं."

"आणि?"

"आणि काय?"

"अहो, एवढा वेळ बोलली ती. नुसता पाऊसच?"

यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "पावसाचं पाणी वर तरंगतं म्हणाली. वरचा थर गोडा असतो. खारट खाली."

मी पदर तोंडाला लावला. हसू आवरेना. बोट एका खडकाच्या कडेनं हळूहळू वळली. खडकावर काळीभोर, ओली, चकाकणारी जनावरं ऊन खात लोळत होती. सील. एकानं जडपणे मान उचलली, आमच्याकडं बघितलं, फुस्स केलं आणि पाण्यात जाऊन बसलं. अगदी तसंच. फक्त शिंगं नव्हती.

यांनी माझ्याकडं बघितलं. "बोलू नको."

"मी कुठं काय बोलले?"

"बोलणार होतीस."

धबधब्याचे तुषार अंगावर येत होते आणि मला वाळलेला भोपळा आठवत होता, वडिलांचा हात आठवत होता. शेजारी एक गोरे गृहस्थ फोटो काढत होते. यांनी त्यांच्या खांद्याला हळूच हात लावला, माझ्याकडं बोट केलं आणि इंग्रजीत, वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझ्या बायकोच्या गावालाही समुद्र आहे."

गृहस्थ म्हणाले, "असं? मोठा आहे?"

यांनी खडकाकडं एकदा बघितलं.

"म्हशी मावतात," म्हणाले.